ड्रायव्हर खाली उतरला

गाईडबाईंचा आवाज एके काळी असा होता, की त्या पडक्या वेशीपाशी उभ्या राहून बोलायला लागल्या की पलीकडच्या शेतातला माणूस काम टाकून ऐकत राही. जुन्या शहरातून लोकांना बसमध्ये भरायचं, गावागावांतून हिंडवत त्या उजाड नगरीपर्यंत न्यायचं, दगडाधोंड्यांतून फिरवायचं आणि दिवस मावळायच्या आत परत आणून सोडायचं, हा त्यांचा धंदा. बस चालवायला नवराच. लोक म्हणायचे, काय भाग्य आहे, दर रविवारी जोडीनं सहल. जोडीनं कसली डोंबलाची! बस थांबली की बाई लोकांना घेऊन वेशीतून आत जायच्या आणि नवरोबा झाडाखाली तोंडावर रुमाल टाकून घोरायला लागायचे. बस सोडून ड्रायव्हरनं हलायचं नाही, असा नियमच होता, आणि हा एकच नियम त्यांनी आयुष्यात मनापासून पाळला.

मग बाईंच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ साधी होती, ऑपरेशन करून काढली, जिवावरचं गळ्यावर निभावलं, पण आवाज गेला तो गेलाच. उरली ती नुसती कुजबुज. डॉक्टर म्हणाले, याहून जास्त काही परत येईल असं वाटत नाही. बाईंनी घरी तालीम करून पाहिली. लेकीला ओट्यापाशी उभं केलं, आपण दाराशी उभ्या राहिल्या आणि वेशीची अख्खी गोष्ट सांगितली. लेक म्हणाली, "आई, ओठ हलताना दिसतायत गं, पण ऐकू काही येत नाही." आणि नळ बंद करत म्हणाली, "पुष्कळ केलंस. आता बस घरी." बाई भयंकर चिडल्या. पण कुजबुजत भांडता येत नाही हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्या आत जाऊन पडल्या आणि उशीत तोंड खुपसून रडल्या.

सहलीच्या मालकीणबाई मनानं वाईट नव्हत्या, पण धंदा म्हणजे धंदा. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "येत्या रविवारी मी स्वतः येते. लोकांना ऐकू गेलं तर प्रश्नच नाही. नाहीतर आपण आवाज भरून घेतलेली यंत्रं आणू, ज्यानं त्यानं कानाला लावायची. तुम्ही तिकिटांच्या खिडकीत बसा." तिकिटांची खिडकी बाईंना ठाऊक होती. समोर भिंत, मागे पंखा, आणि हाताएवढ्या भोकातून आत येणारे लोकांचे हात. उभा जन्म उन्हात बोलण्यात गेलेल्या माणसाला तिथे बसवणं म्हणजे कपाटात ठेवण्यासारखंच.

रविवारी बस भरली. मालकीणबाई पर्स मांडीवर घेऊन शेवटच्या सीटवर बसल्या. बाईंनी माइक हातात घेतला, देवाचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "नमस्कार मंडळी."

कर्ण्यातून फुस्स असा आवाज आला.

पहिल्या सीटवर एक आजीबाई बसल्या होत्या, कानानं जरा जड. त्या शेजारच्या टोपीवाल्या गृहस्थांना म्हणाल्या, "टायर गेला वाटतं." ड्रायव्हर असूनही नवऱ्यानं क्षणभर आरशात बघितलंच, खोटं कशाला बोला. बाईंनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा फुस्स. मागून कुणीतरी हसलं.

तेवढ्यात नवऱ्यानं हात लांब करून माइक घेतला आणि स्टिअरिंगपाशी अडकवला. "नमस्कार मंडळी," तो म्हणाला. "मी ड्रायव्हर. बोलतोय मी, पण शब्द यांचे आहेत. मला त्यातलं काही विचारू नका."

आणि गडी सुरू झाला. बस शहराबाहेर पडली तशी त्यानं डावीकडचा उंचवटा दाखवला. "ही टेकडी नाही हो, जुना तट आहे. लोकांनी एकेक करून दगड नेले आणि शहरात घरं बांधली. आज घरी गेलात की न्हाणीघरातला दगड नीट बघा. एखाद्या राजाच्या महालातला असेल. त्याच्यावर उभं राहून पाय घासताना जरा मर्यादा ठेवा." बस हसली. पुढे पूल आला तेव्हा पुलाची गोष्ट आली, वळण आलं तेव्हा तिथल्या विहिरीची. शब्द तेच, क्रम तोच, हशा पिकल्यावर बाई जेवढं थांबायच्या तेवढं थांबणंही तेच. बाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. या माणसापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं त्या लग्नापासून समजत आल्या होत्या. घडा तर काठोकाठ भरलेला निघाला. त्यांना आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडी असूयाही वाटली. राजाच्या दगडावर लोक त्यांच्या वेळी एवढे हसत नसत.

नगरीच्या वेशीपाशी बस थांबली. "सावकाश उतरा, डोकं सांभाळा, पाण्याची बाटली विसरू नका," एवढं म्हणून नवऱ्यानं माइक बंद केला. मंडळी खाली उतरली आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तो बाईंच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

"अहो, चला ना पुढे," बाई त्याच्या कानाशी कुजबुजल्या.

"पुढचं मला कुठे येतंय?"

"म्हणजे?"

"अगं, इथून पुढे मी झोपलेलाच असतो."

गाड्याबरोबर नळ्याची यात्रा होते म्हणतात. इथे नळा दर रविवारी वेशीपर्यंत येऊन परत जात होता, आणि एवढी साधी गोष्ट दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. बसमधला माइक आत नेता येत नव्हता. अवशेषांत कर्णा लावायला सक्त मनाई, आणि तिथला रखवालदार त्या बाबतीत सख्ख्या भावालाही सोडणारा नव्हता. मालकीणबाई घड्याळाकडे बघायला लागल्या.

"बसपाशी चहावाल्याला बसवा," बाई म्हणाल्या, "आणि माझ्याबरोबर आत चला. मी कानात सांगते, तुम्ही मोठ्यानं सांगा."

अशी ती वरात आत शिरली. बाई कुजबुजायच्या, नवरा घोषणा करायचा. पण त्यात एक घोळ होता. नवरा हे सगळं पहिल्यांदाच बघत होता, त्यामुळे सांगता सांगता तो मध्येच थांबून स्वतःच बघत राही. "ही मुख्य पेठ. दोन्ही बाजूंना दुकानं होती. दगडात या खोल रेघा दिसतात ना, त्या गाड्यांच्या चाकांच्या. अगं, खरंच? चाकांनी एवढा दगड झिजला?" तो सरळ गुडघ्यावर बसला आणि त्या चाकोरीतून बोटं फिरवायला लागला. त्याचं बघून टोपीवाले बसले. मग आणखी चारपाच जण. इतक्या वर्षांत बाईंच्या एकाही पाहुण्यानं त्या रेघेला हात लावला नव्हता, कारण बाई चौथऱ्यावर उभ्या राहून लांबूनच ती दाखवायच्या. आवाज पोचत होता, मग जवळ कशाला जायचं?

नवऱ्यानं मान वर केली. "आणि गाडीवान कुठे झोपायचे?"

राजा कुठे झोपायचा, राणी कुठे, सरदार कुठे, हे बाईंना पाठ होतं. गाडीवानांचं कुणी कधी विचारलंच नव्हतं. गाईडच्या धंद्यात एक अलिखित कायदा असतो: माहीत नाही असं म्हणायचं नाही. काहीतरी ठोकून द्यायचं. पण दुसऱ्याच्या कानात ठोकून देणं काही त्यांना जमेना, त्यातून नवऱ्याच्या तर नाहीच. त्या हळूच म्हणाल्या, "मला नाही माहीत."

आणि त्या शहाण्यानं, सवयीनं, खणखणीत आवाजात जाहीर केलं, "बाईंना माहीत नाही."

पेठेच्या त्या टोकापर्यंत ते ऐकू गेलं. मालकीणबाईंनाही गेलं. बाईंना वाटलं, झालं, संपलं, उद्यापासून खिडकी. धरणी पोटात घेईल तर बरं. जन्मात पहिल्यांदा त्यांना नवऱ्याला चारचौघांत चिमटा काढावासा वाटला.

पण टोपीवाले म्हणाले, "वेशीच्या आत असणार. रात्री वेस बंद झाली की गाड्या कुठे जातील?" दुसऱ्या एका बाईनं म्हटलं, "छे, बैलांना पाणी लागतं. विहिरीपाशी बघा." आणि बघता बघता अख्खी सहल पांगली. जो तो ओटे बघतोय, कोपरे बघतोय, कुणी भिंतीत दावं बांधायचं भोक शोधतोय. आजीबाई मात्र काठी टेकत वेशीच्या आतल्या लांबट ओट्यापाशी गेल्या आणि त्यावर चक्क आडव्या झाल्या. "इकडे या रे," त्यांनी हाक दिली. "दोन्हीकडून वारा येतोय. इथेच झोपायचे मेले. बघा, डोक्याकडचा दगड कसा गुळगुळीत झालाय."

सगळे ओट्याभोवती गोळा झाले. दगड खरोखरच गुळगुळीत होता. ते गाडीवानांच्या डोक्यांनी झालं की शेकडो वर्षांच्या पावसानं, कोण सांगणार? बाईंनी त्यावरून हात फिरवला. या ओट्याशेजारून त्या हजारदा गेल्या असतील, पण तो आहे हेच त्यांच्या गावी नव्हतं. आपली हीच नगरी आपण पहिल्यांदा बघतोय असं त्यांना वाटलं, आणि मग त्या बोलायला लागल्या. नवऱ्याच्या कानात नाही, तशाच. या वेशीतून धान्य यायचं, मीठ यायचं, नगरी ओस पडली त्या वर्षी शेवटची गाडी इथूनच बाहेर गेली आणि तिच्यात माणसांपेक्षा भांडीच जास्त होती. लोक पुढे सरकले. आणखी सरकले. खांद्याला खांदे लागले. आजीबाईंनी उठून बसत कान पुढे केला आणि ऐकू आलं नाही तिथे टोपीवाल्यांना ढोसून विचारून घेतलं.

नवऱ्यानं मोठ्यानं सांगायला हवं होतं. तो विसरला. तोही बाकीच्यांसारखाच वाकून ऐकत होता, तोंड अर्धवट उघडं टाकून. मध्येच भानावर आला तेव्हा बाईंना म्हणाला, "एवढं सगळं तू इथे सांगत होतीस, आणि मी घोरत होतो." त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यानं लपवलं नाही.

मंडळी चहाला गेली तेव्हा मालकीणबाई मागे राहिल्या. त्यांनी पर्सचा बंद उघडला, मिटला. "लोक खूश आहेत," त्या जरा तुटकपणे म्हणाल्या. "पण मला मागून काही म्हणजे काही ऐकू आलं नाही."

बाईंनी उत्तर दिलं.

"काय?" मालकीणबाई म्हणाल्या.

बाईंनी पुन्हा सांगितलं, तितकंच हळू. त्या पुढे झाल्या नाहीत, की नवऱ्याकडेही बघितलं नाही. शेवटी मालकीणबाईच दोन पावलं पुढे आल्या, वाकल्या आणि त्यांनी आपला कान बाईंच्या तोंडाशी नेला.

"यंत्रं नकोत," बाई म्हणाल्या. "तुम्ही पुढे येऊन उभ्या राहत जा. आणि पुढच्या रविवारपासून बस राखायला दुसरा माणूस बघा. हे माझ्याबरोबर आत येणार."