तखत न्यायला आलेली माणसं

आमच्या जयंताला रविवारी सकाळी गल्लीतून जाताना हात वर करायची सवय लागली आहे. मान वळत नाही, पाय थांबत नाही, नुसता हात. मंत्री जीपमधून करतात तसा. पन्नाशी उलटली, सरकारी कचेरीत हाताखाली माणसं आहेत, आणि हा गुडघ्याच्या वर चड्डी घालून, नारिंगी बनियान चढवून आईच्या गॅलरीखालून पळतो. त्याच्या मागे तशीच नारिंगी पलटण. जयंता राहतो त्या नानाखेड्याकडून निघतात, फ्रीगंजच्या टॉवरला वळसा घालतात, आमच्या माधव नगरातून पुढच्या चौकातल्या कला केंद्रात जातात आणि तिथे सेवा करतात. सेवा म्हणजे भिंती रंगवायच्या, खुर्च्या उचलायच्या, पडदे धुवायचे. तेच ओझं घेऊन माणूस चालत गेला तर हमाल, धावत गेला तर समाजसेवक.

पहिल्या रविवारी मी आलं किसून चहा टाकला होता. वाटलं, दारावरून जातोय तर वर येईल. त्याने हात केला आणि गेला. दोन्ही कप मीच प्यायले, दिवसभर पित्ताने परेशान. रात्री फोनवर म्हणतो, आई, मध्येच थांबलं की पाय आखडतात, आणि मी कॅप्टन आहे ना, मी थांबलो की सगळे थांबतात. मी म्हटलं, बरं बाबा, धाव.

फोन रोज करतो, खोटं कशाला बोलू. जेवलीस का, गोळी घेतलीस का, आणि मी उत्तर द्यायच्या आधीच बरं म्हणतो. मागे टीव्ही चालू असतो. भाजी, किराणा मोबाइलवरून पाठवतो, आणणारा जिन्यात पिशवी ठेवून घंटी वाजवून पसार. गल्लीतल्या बायकांना वाटतं आमचं भांडण आहे. भांडण असतं तर बरं होतं, भांडायला तरी माणूस घरी येतं. दूधवाल्याशी मी मुद्दाम भांडते, दूध पातळ आहे म्हणून. दूध बिलकुल चांगलं असतं. पण आवाज चढवला की तो कॅन खाली ठेवून उभा राहतो, शपथा घेतो, त्याच्या म्हशीचं सगळं सांगतो.

खालच्या मजल्यावर कोचिंग क्लास आहे. संध्याकाळपर्यंत पोरांचा गलका, मग शटर पडतं. त्यानंतर घरात माझ्या बांगड्यांचा आवाज तेवढा.

एका रविवारी मनात आलं, हा एवढं करतो तरी काय, बघून यावं. त्याने हात केल्याबरोबर चपला घातल्या. पण माझे गुडघे आणि त्याचे बूट, मेळ कुठला. वाटेत ओट्याओट्यावर टेकत मी पोचेपर्यंत काम उरकून नारिंगी पलटण दुसऱ्या रस्त्याने परत गेली होती. ओल्या रंगाचा वास येत होता आणि मुक्ता म्हणून कथक शिकवणारी बाई, जिने ते केंद्र चालवलंय, ती फरशीवरचे रंगाचे डाग पुसत होती.

तिने मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि न विचारताच त्या धावणाऱ्यांचं कौतुक सुरू केलं. त्यातही कॅप्टन सरांचं जास्त. म्हणाली, तबल्याचे म्हातारे गुरुजी येतात, त्यांना जिना चढवत नाही, तर सर दर रविवारी त्यांचा हात धरून वर नेतात. मग शेजारी बसून त्यांचे तेच तेच किस्से ऐकतात. एकदाही घड्याळ बघत नाहीत.

"फार माया आहे हो त्यांना म्हाताऱ्या माणसांची," मुक्ता म्हणाली. "घरात आई-वडील असणार, त्याशिवाय अशी सवय येत नाही."

मी म्हटलं, असेल.

तो माझाच, हे सांगायला किती वेळ लागतो. पण शिंदे संस्थानच्या दफ्तरात ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या ऊठबस होती त्या पोतनीसांची मी सून. मुलाला गाठायला रस्त्यावर आले आणि तरी तो निघून गेला, हे परक्या बाईला कोणत्या तोंडाने सांगू. म्हटलं, मी इथेच मागच्या गल्लीत राहते, सहज आले.

मुक्ता सांगत होती की महिन्याची बैठक सुरू करायची आहे, पण गाणाऱ्यांना जमिनीवर बसवावं लागतं. उंच जागा नाही, चार माणसं बसतील असं एखादं मोठं लाकडी तखत मिळालं असतं तर. मी तिला पुढे बोलूच दिलं नाही.

"माझं ने. सागवानी आहे. पण उचलायला ती धावणारी माणसं पाठव, दुसरं कोणी नको."

ती बिचारी माझ्या पायाच पडली. तिला काय माहीत, ही म्हातारी कलेसाठी देत नव्हती.

ते तखत बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून होतं. आमचं लग्न झालं तेव्हाही तिथेच होतं. सिंहस्थात नागपूरचे पाहुणे आडवे निजायचे त्याच्यावर. जयंता पालथा पडून गणितं करायचा आणि कंटाळला की पेन्सिलीने कडेला रेघा ओढायचा. आता दुपारी मी त्याच्यावर बसते, म्हणजे बसत होते. तिथून चौकापर्यंतचा रस्ता दिसतो. मी हिशेब असा केला की एवढं जड धूड जिन्यातून उतरवायचं म्हणजे कॅप्टन घरात येणारच. आला की उचलायच्या आधी त्याच्यावर बसेल, माणूस बसतोच. बसला की पुढचं मी बघून घेईन. सगळ्या पलटणीसमोर कान पिळायचा, हेही ठरवलं होतं.

त्या रविवारी पहाटेच गराडूचे कंद सोलले. हाताला खाज सुटली, पण जयंताला गराडूपुढे दुसरं काही सुचत नाही. कढईत लालबुंद तळले, वरून जिरावणाचा मसाला भुरभुरवला, लिंबं चिरून ठेवली. चांगलं पातळ नेसले. जिन्यात बुटांचा धडधडाट झाला तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरातच थांबले. धावत दारात गेले असं दिसायला नको.

बाहेर आले तर चार-पाच जण होते. त्यांत जयंता नव्हता.

पुढे होती ती ईरा. पोरगी मराठी, पण बोलणं अर्धं हिंदी. म्हणाली, आजी, कॅप्टन सर तिथे शिडीवर आहेत, छताला रंग लावताहेत, आम्हाला पाठवलं. पत्ता बघितला होता का त्यांनी, मी विचारलं. ती म्हणाली, पत्ता तर मुक्ता मॅडमनी मलाच सांगितला.

मुलं गुणी होती. गराडूवर तुटून पडली. सौरभ म्हणून एक धिप्पाड गडी तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, माताजी, ये खाने के बाद दौड़ेगा कौन. मी म्हटलं, बेटा, तखत लेके दौड़ना है, प्लेट लेके नहीं. सगळे हसले. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत माणसं हसली आणि ज्याच्यासाठी तळलं तो शिडीवर.

ईरा हात धुऊन भिंतीवरचा मुंजीचा फोटो बघत उभी राहिली. गोटा केलेला, लंगोटी घातलेला, रडवेला जयंता. तिने विचारलं हा कोण. मी म्हटलं, मुलगा.

"कुठे असतात ते, आजी?"

हीच ती वेळ होती. सांगितलं असतं तर पोरगी धावत जाऊन शिडीखाली उभी राहिली असती. पण मला दिसलं, ही परत जाऊन त्याला सर म्हणणार आहे. ज्या डोळ्यांनी ती त्याच्याकडे बघते त्यांतून मी त्याला कशी उतरवू?

"परगावी असतो," मी म्हटलं.

"येतात कधी?"

"नोकरी मोठी आहे. जमत नाही त्याला."

तिने फोटोकडे पाठ फिरवली. मग त्यांनी तखत आडवं केलं, उभं केलं, जिन्याच्या वळणावर अडकलं तेव्हा सौरभने देवांची नावं घेतली, आणि शेवटी ते रस्त्यावर गेलं. जाताना ईराने माझा हात हातात घेतला. तिचा तळवा गरम होता.

रात्री फोन आला. जेवलीस का, गोळी घेतलीस का. मग म्हणाला, "आई, तखत दिलंस?"

"दिलं."

"बरं," तो म्हणाला, आणि ठेवला. म्हणजे त्याने ओळखलं होतं. पेन्सिलीच्या रेघा त्याच्याच हातच्या, ओळखणारच. ईराने तिथे जाऊन काय काय सांगितलं असेल, तेही त्याने ऐकलं असणार. विचारलं नाही. मी पण सांगितलं नाही.

तो आठवडा वाईट गेला. तखताखालची फरशी बाकीच्या फरशीपेक्षा काळी निघाली, कितीही पुसली तरी तेवढा चौकोन वेगळा दिसतो. खोकले तर खोली खोकते. सतरंजी घातली पण खाली बसलं की उठवत नाही, आणि उठवायला कोणाला हाक मारणार. मग खिडकीशी उभीच राहायचे, गज धरून.

पुढच्या रविवारी पलटण आली तेव्हा मी गॅलरीत गेले नाही. थोड्या वेळाने जिन्यात बूट वाजले. दोन माणसांचे. एक भराभर चढणारं, आणि एक पायरीपायरीला थांबणारं. दुसरी पावलं माझ्या ओळखीची होती.

दारात ईरा, आणि तिच्या मागे जयंता. घामाने निथळत होता, नजर सतरंजीवर.

ईरा म्हणाली की ग्रुपने ठरवलंय, दर रविवारी कोणी ना कोणी आजींकडे येणार, बसणार, बाजारातलं काही हवं असेल तर आणणार. हे आमचे कॅप्टन सर, आज तर येतच नव्हते, पाय दुखतोय म्हणत होते, मीच ओढून आणलं. मी त्याच्याकडे बघितलं. आता बोलेल, मला वाटलं. एवढंच तर म्हणायचं होतं, ईरा, ही माझी आई.

तो बोलला नाही.

"बसा, कॅप्टन," मी म्हटलं. पोटच्या पोराला अहो-जाहो केलं. तो सतरंजीवर मांडी घालून बसला, परक्या घरी बसतात तसा, पाठ ताठ.

मी चहा केला. ईराच गप्पा मारत होती. मध्येच तिची नजर मुंजीच्या फोटोकडे गेली आणि ती चिडली. म्हणाली, सर, तुम्हीच सांगा, कसले लोक असतात हो हे, आई इथे एकटी आणि साहेब परगावी नोकरी करताहेत. जयंताने बशीत चहा ओतला. लहानपणापासून बशीतच पितो तो. फुंकर मारत राहिला, चहा निवला तरी फुंकर मारत राहिला. मी त्याच्या ओठांकडे बघत होते. मला कान पिळायचा नव्हता, काही नको होतं, ते दोन शब्द तेवढे हवे होते. त्याने बशी खाली ठेवली आणि म्हणाला, चहा छान झालाय.

खालून कोणीतरी हाक मारली तशी ईरा उठली. आजी, पुढच्या रविवारी भेटू म्हणत जिना उतरली. जयंता बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने मागे राहिला. नाडी सुटलेली नव्हती. खाली मान घालूनच म्हणाला, "आई, पुढच्या रविवारपासून मीच येतो. ड्यूटी माझीच लावून घेतो."

माझा हात त्याच्या केसांपर्यंत गेला होता. घामाने ओले होते, मागून विरळ झालेत. मी हात परत घेतला.

"लाव," मी म्हटलं. "ये. चहा मिळेल, गराडू मिळतील. पण मुलगा कुठे असतो असं कोणी विचारलं, तर मी परगावीच सांगणार. त्या पोरीला सांगितलं तेव्हा ते खोटं होतं, जयंता. आज तू ते खरं केलंस."