टिंबताई खुर्चीवरून उठल्या नाहीत

"मी उठणार नाही," टिंबताई म्हणाल्या आणि खुर्ची टेबलाजवळ आणखी ओढून बसल्या.

दारात दोन हमाल ढकलगाडी घेऊन उभे होते. त्यांच्या पुढे संगणक विभागाचे साहेब, हातात यादी. वयाने टिंबताईंच्या लेकीएवढे असतील. त्यांनी एकदा यादीकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या पिवळ्या पडलेल्या कॉम्प्युटरकडे आणि एकदा त्याच्यापुढे ठाण मांडून बसलेल्या बाईंकडे.

"मॅडम, हा आजच जायचाय. सगळ्या इमारतीतले गेले, तुमचाच राहिलाय."

"बाकीच्यांचे पत्रं टाइप करायला होते. हा पुस्तकं छापतो."

शिक्षण खात्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत अंध मुलांची पाठ्यपुस्तकं छापली जात. कोपऱ्यात कपाटाएवढं ब्रेलचं यंत्र होतं. कॉम्प्युटरने मजकुराची टिंबं करून द्यायची आणि यंत्राने ती जाड कागदावर ठोकायची. सत्तावीस वर्षं हे काम करून बाईंचं खरं नाव खात्यात कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या त्या टिंबताई.

"अहो, याच्यावरची सिस्टीम बनवणाऱ्यांनीच आता वाऱ्यावर सोडलीय," साहेब समजुतीने म्हणाले. "तिला अपडेट येत नाहीत. गेल्या महिन्यात असल्याच एका जुन्या मशीनमधून व्हायरस शिरला आणि सगळं ऑफिस चार दिवस ठप्प झालं. विसरलात?"

टिंबताई वाकल्या, मागे हात घातला आणि इंटरनेटची वायर खसकन उपटून टेबलावर ठेवली.

"घ्या. आता कुठून शिरतो बघू."

खिडकीपाशी बसलेले मास्तर गालातल्या गालात हसले. मास्तर मुद्रितं तपासायचे. जन्मापासून डोळ्यांनी दिसत नव्हतं. पण छापलेल्या पानावर त्यांचं बोट एकदा फिरलं, की चुकीची हिंमत नव्हती लपून बसायची.

"पेन ड्राइव्हमधूनही शिरतो," साहेब म्हणाले. "आणि तुम्हाला नवा कॉम्प्युटर दिलाय की! तो का नाही वापरत?"

"त्याला आमच्या यंत्राची वायर बसत नाही. मधे तुमचा तो जोड लावून बघितला. मास्तर, सांगा साहेबांना काय छापून आलं ते."

"मला वाटलं, कुणीतरी कागदावर वाटाणे सांडलेत," मास्तर म्हणाले.

एक हमाल हसला. साहेबांनी वळून पाहिल्यावर त्याने तोंड पुसलं.

टिंबताईंनी खणातून कोरा कागद काढला आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: अकरा विद्यार्थ्यांचं गणिताचं पुस्तक परीक्षेआधी छापून होणार नाही, याची जबाबदारी माझी. मग कागद साहेबांपुढे सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"करा सही. लगेच उठते."

साहेबांनी कागद वाचला. पेनला हात लावला नाही. त्यांना राग आला होता, पण माणूस खोटा नव्हता. "मॅडम, नियम मी नाही केलेला. सिस्टीम आजच्या काळातली हवी, अपडेट येणारी हवी. एवढंच."

"एवढंच? कॉम्प्युटर किती जुना, याचं काही नाही?"

साहेब अडखळले. "तसं... लिहिलेलं नाही. पण या खोक्यावर नवी सिस्टीम चढणारच नाही. कंपनीनेच सांगितलंय."

"पंधरा दिवस द्या."

"पंधरा दिवसांनी काय होणार आहे?"

"ते मी बघते."

ढकलगाडी रिकामीच परत गेली. चाकांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता. तो थांबल्यावर टिंबताईंनी सहीचा कागद परत खणात टाकला.

"आता काय बघणार आहात?" मास्तरांनी विचारलं.

"मला काय ठाऊक! तोंडातून निघून गेलं."

मास्तरांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाले, "एक सिस्टीम आहे. जगभरातली हौशी माणसं मिळून बनवतात आणि फुकट वाटतात. जुन्या मशीनवर चालते, अपडेटही येतात. मी घरी तीच वापरतो, ती मला सगळं वाचून दाखवते."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

घरी नवऱ्याला सगळं कळलं तेव्हा तो कपड्यांच्या घड्या घालत होता. "रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत तुझी," तो म्हणाला. "साहेबाशी वाकड्यात शिरून काय मिळणार आहे? नाही छापलं पुस्तक, तर तुला कोण विचारणार?"

"कुणीच नाही विचारणार. तेच तर डोक्यात जातंय." टिंबताईंनी त्याच्या हातातली चादर ओढून घेतली. "डोळस पोरांचं पुस्तक आठ दिवस उशिरा आलं, तर किती बोंबाबोंब होते! ही अकरा पोरं तोंडातून ब्र काढत नाहीत. त्यांना वाटतं, आपलं असंच असतं."

नवऱ्याने चादरीचं दुसरं टोक धरलं.

चालू कॉम्प्युटरला हात लावायचा म्हणजे जीव टांगणीला. बिघडला तर जे छापलं जातंय तेही बंद. पण जिन्याखालच्या खोलीत भंगारात काढलेले असेच चार कॉम्प्युटर धूळ खात पडले होते. टिंबताईंनी पहारेकऱ्याकडून किल्ली मागितली.

"चिठ्ठी लागते, ताई."

"आणून देते."

ती चिठ्ठी त्यांनी कधीच आणली नाही. त्यातल्या त्यात धड दिसणारा कॉम्प्युटर त्यांनी पोटाशी धरला आणि तीन मजले चढून वर आणला. प्रत्येक मजल्यावर दम खाल्ला. कुणी विचारलं तर सांगत होत्या, "माहेरी गेला होता, परत आणतेय."

पहिल्या दिवशी मास्तरांनी घरून आणलेली सिस्टीम अर्ध्यावर येऊन अडकली. दुसऱ्या दिवशी तिथेच. मास्तरांनी निदान केलं, मेमरी कमी पडतेय. टिंबताई पुन्हा खाली गेल्या, उरलेल्या तिघांची पोटं उघडली आणि त्यांच्यातल्या मेमरीच्या पट्ट्या रुमालात बांधून आणल्या. तिसऱ्या दिवशी पडदा उजळला. मास्तर एकेक आज्ञा तोंडाने सांगत होते, टिंबताई एकेका बोटाने टाइप करत होत्या. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

यंत्राची रुंद वायर मात्र या जुन्या खोक्यात अशी बसली, जणू घरीच आली. यंत्र धडधडलं. पान बाहेर आलं. मास्तरांनी बोट टेकवलं आणि पहिल्याच ओळीत थांबले.

"जोडाक्षरं सगळी उलटी. आधी यायचं टिंब मागून येतंय. 'पुस्तक' वाचायला गेलो की जीभ अडखळते."

"पण अक्षरं आलीत ना?"

"आलीत."

"मग झालं. वाटाण्यांपेक्षा बरं."

अक्षरांची टिंबं कशी करायची याचा तक्ता त्या सिस्टीममध्ये उघडा होता, ज्याला हवा त्याने दुरुस्त करावा असा. जुन्यात तो कंपनीने कुलूप लावून ठेवलेला असे. टिंबताई चार दिवस त्या तक्त्यात डोकं घालून बसल्या. छापायचं, मास्तरांनी वाचायचं, चूक सांगायची, सुधारायचं, परत छापायचं. बाराव्या दिवशी मास्तरांनी काळ-काम-वेगाचं एक अख्खं उदाहरण न थांबता मोठ्याने वाचलं. वाचून संपल्यावर उत्तरही सांगितलं.

ठरल्या दिवशी साहेब आले. टिंबताईंनी इंटरनेटची वायर नव्याने उठवलेल्या कॉम्प्युटरला लावली आणि त्यांच्यादेखत अपडेट मागवलं. पडद्यावर ओळी सरसर धावल्या. शेवटी आजची तारीख.

साहेब वाकून बराच वेळ वाचत राहिले. "हे कुणी केलं?"

"आम्ही दोघांनी."

"बाहेरून कुणाला बोलावलंत?"

"बाहेरून कोण येतंय इथे?"

साहेबांनी कॉम्प्युटर फिरवून मागचा क्रमांक पाहिला, यादी उलगडली, बोट खाली सरकवत नेलं. त्यांचा चेहरा बदलला. "मॅडम, हा तर भंगारातला आहे. परवानगी कुणाची?"

"कुणाचीच नाही."

"मला हे वर कळवावं लागेल."

"कळवा की. तुमचं काम तुम्ही करा."

मग त्या आपणहून खुर्चीवरून उठल्या. जुन्या पिवळ्या कॉम्प्युटरच्या वायरी एकेक करून सोडवल्या, पदराने त्याच्यावरची धूळ टिपली आणि हमालांना म्हणाल्या, "न्या. सांभाळून. याने खूप केलंय." ढकलगाडी जिन्याच्या वळणाआड जाईपर्यंत त्या दारात उभ्या होत्या.

पुस्तक परीक्षेच्या वीस दिवस आधी पुरं झालं. गणिताचे नऊ जाडजूड खंड. न्यायला आलेल्या, शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलीने पहिला खंड तिथेच उभ्याउभ्या उघडला. बोटं धावायला लागली. तिचा बाप म्हणाला, "अगं, घरी जाऊन वाच." तिने ऐकलंच नाही. टिंबताईंनी मुकाट्याने आपली खुर्ची तिच्यामागे सरकवली.

महिन्याभराने टिंबताईंना मुख्य कार्यालयात बोलावणं आलं. खुलासा मागवला होता तेव्हा त्यांनी एकच ओळ लिहिली होती: हो, मी घेतला. मास्तर म्हणालेही होते, "दोन शब्द दिलगिरीचे टाकले असते, तर फाइल मिटली असती." त्यावर टिंबताई म्हणाल्या होत्या, "दिलगिरी वाटली असती, तर टाकले असते."

आस्थापना विभागातल्या कारकुनाने ताकिदीचं पत्र पुढे ठेवलं. ते त्यांच्या सेवापुस्तकात लागणार होतं. कायमचं.

"इथे सही करा, ताई. वाचलं नाही तरी चालेल."

टिंबताईंनी चष्मा लावला आणि पत्र पहिल्या शब्दापासून वाचलं. निकामी संगणक विनापरवानगी वापरात आणल्याबद्दल आपणांस सक्त ताकीद देण्यात येत आहे. त्यांनी पेन उचललं, 'निकामी'वर सरळ रेघ मारली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं: चालू.

"अहो ताई! सरकारी कागद आहे तो!"

"म्हणूनच. चूक राहायला नको."

बाजूला आद्याक्षरं टाकली. खाली पूर्ण नावाची सही केली, तारखेसकट. कारकून त्यांचं नाव वाचत राहिला; ते त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

टिंबताई परत निघाल्या. आपल्या इमारतीच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबल्या, तेव्हा वरून यंत्राची धडधड ऐकू आली. मास्तरांनी चाचपडत कागद लावून इतिहासाचं पुस्तक सुरू केलं होतं.