बाराखडीने लावलेले तारे

मी एक जुनी पेटी आहे. ताडकळसच्या शाळेत हल्ली माझ्यात खडू ठेवतात. मित्रांनो, पूर्वी माझ्यात तारे होते, हे तुम्हाला कदाचित खरं वाटणार नाही.

बन्सीधर गुरुजींनी मला बाभळीच्या फळ्यांची करवून घेतली. एका ताऱ्याला एक कार्ड. वहीत नवा तारा मध्येच घालता येत नाही. कार्ड मात्र हवं तिथं सरकवता येतं. निजामाच्या राज्यात ही कार्डं उर्दूत होती आणि ताऱ्याची जागा त्यांवर आकड्यांत लिहिलेली होती. विलीनीकरणानंतर शाळा मराठी झाली. गुरुजी सगळी कार्डं मराठीत उतरवू लागले, पण तोवर त्यांची नजर जात चालली होती. बारीक आकडे लिहवेनात. मग त्यांनी फक्त नाव, रंग आणि तेज लिहिलं आणि उगवण्याच्या क्रमानं कार्डं लावली. मुलं ओळखीच्या ताऱ्याच्या पुढचं कार्ड काढून पूर्वेकडे बघत बसत. थोड्या वेळानं तोच तारा वर येई.

"अवो, ही उर्दू कार्डं चुलीत घालू का?" गुरुजींच्या बायकोनं, नर्मदाबाईंनी, घरी विचारलं.

"घाल. मला न्हाई दिसलं तरी पोरायला तारे सापडले पायजेत. तेवढं झालं की बास."

गुरुजी निवृत्त झाले. नवे हेडमास्तर व्यंकटराव यांनी तपासणीच्या आधी मला उघडलं.

"चित्रा, ज्येष्ठा, मग अभिजित? ह्याला काई शिस्त हाय का न्हाई?"

त्यांनी कार्डं अ-आ-इ प्रमाणे लावली. थंडीतला अगस्त्य उन्हाळ्यातल्या अभिजितला खेटून बसला. तपासणीला आलेले साहेब खूश झाले.

नंतर गुरुजी काठी टेकत आले. मुलांकडून त्यांनी कार्डं वाचून घेतली.

"व्यंकटराव, तारे बाराखडीनं उगवत न्हाईत हो."

"पन नाव किती लौकर सापडायलंय बघा गुरुजी! साहेबांनी लय तारीफ केली."

"नाव सापडायलंय. तारा कुठं हुडकावा पोरांनी?"

हेडमास्तरांनी चहा मागवला. गुरुजींनी तो घेतला नाही. इतक्या ताऱ्यांचा क्रम त्यांना पाठ नव्हता, आकाश बघून पुन्हा लावायला डोळे नव्हते, आणि जागा लिहिलेल्या उर्दू कार्डांची केव्हाच राख झाली होती. पुढं कार्डांच्या पाठीवर मुलांनी गणितं केली.

मित्रांनो, दुसऱ्यानं लावलेलं काही नीट करायला जाल, तेव्हा आधी त्याला विचारा. गुरुजींचं घर शाळेच्या मैदानापलीकडंच होतं. ते दिवसभर ओसरीवर बसलेले असत.