नेऱ्याचं लोहमुक्तीद्वार

दार किंचाळलं की बायका हात जोडायच्या आणि दार गप्प राहिलं की टाळ्या पिटायच्या. शनिवारची सकाळ होती. पनवेलजवळच्या नेरे गावाच्या पुढे कमळाकरशेठच्या फार्महाऊसच्या लॉनवर पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध एक दार उभं होतं. ना भिंत, ना घर, नुसतं दार. त्याला काळं कापड गुंडाळलेलं, रुईच्या पानांच्या माळा घातलेल्या आणि वर शनिमहाराजांची तसबीर.

माणूस त्यातून गेला की दार टीं टीं करून बोंबलायचं आणि कापडाआडून लाल दिवे लुकलुकायचे. मग तो माणूस लोहनाथ महाराजांपुढे बसायचा. डोक्यावर चमचाभर तेल, पाठीवर मोरपिसांचे फटके, कपाळावर बोटभर काळा टिळा. की परत दारातून! आता दार चिडीचूप.

"लोहमुक्ती झाली हो!" महाराजांचा चेला कुंदन ओरडायचा. तो दाराशेजारी खुर्ची टाकून बसला होता. मांडीवर लोकांचे मोबाइल आणि किल्ल्या ठेवलेली परात आणि एक हात सदैव झब्ब्याच्या खिशात.

महाराजांचं तोंड सकाळपासून बंद नव्हतं. "लोखंड म्हणजे कोण? शनी! डॉक्टर तुझ्या हाडात काय घालतो? लोखंड! म्हणजे तुझ्या घरात भाडेकरू कोण बसवला? शनी! भाडं देतो का? नाही! उलट तुझंच खातो. मी काय करतो? मी फक्त भाडेकरू बाहेर काढतो!"

पनवेलमध्ये भाडेकरू बाहेर काढतो म्हणणाऱ्याला टाळ्या पडणारच. माझ्या शेजारच्या निशाकाकू, बँकेतून निवृत्त झालेल्या, दोन्ही गुडघे बदललेल्या, दारातून दुसऱ्यांदा गेल्या आणि दार वाजलं नाही म्हणून ढसाढसा रडल्या. "पद्मजा, गेलं गं सगळं! हलकं वाटतंय!" म्हणाल्या आणि लंगडतच खुर्चीकडे गेल्या.

मी पद्मजा. पनवेलात नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. माझ्या कण्याला दोन्ही बाजूंनी धातूच्या दांड्या आहेत, मानेखालून कंबरेपर्यंत, स्क्रूने घट्ट आवळलेल्या. लहानपणी कणा वाकत गेला, म्हणून पंधराव्या वर्षी ऑपरेशन झालं. सुरुवातीला काय काय वाटायचं मला! फ्रिजला पाठ लावली तर चिकटेन का? ढग गडगडले की मी आईला म्हणायचे, तू माझ्यापासून लांब झोप, वीज माझ्यावर पडणार आहे. वजनकाट्यावर उभी राहिले की म्हणायचे, यातलं निम्मं माझं नाही. यातलं काहीही खरं नव्हतं. विमानतळावरचं दार कधीतरी वाजतं, मॉलचं कधीच वाजत नाही. एकदा विमानतळावरच्या बाईंनी मला हसत सांगितलं होतं, "मॅडम, दार हुशार नसतं हो. जेवढं कडक लावाल तेवढं ओरडतं."

तर हे दार मी ओळखलं होतं. लग्नाच्या हॉलबाहेर भाड्याने आणून उभं करतात तेच हे धातू शोधणारं दार, फक्त सोवळ्यात. नुसती पोलखोल करायची असती तर मी फोन करून दुसऱ्या कुणालाही पाठवलं असतं. पण मला सूड घ्यायचा होता. सरळ सांगते, उगाच समाजसेवेचा आव आणत नाही.

माझा खांदा वर दिसायला लागला तेव्हा मी बारा वर्षांची होते. आईवडिलांनी मला एका बुवाकडे नेलं. दोन वर्षं त्याने माझ्या पाठीवर मंतरलेली वीट बांधली. रोज. उन्हाळ्यातसुद्धा. शाळेत पोरं मला 'बांधकाम' म्हणायची. शेवटी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ते म्हणाले, आधी आला असतात तर पाठीला बांधायच्या पट्ट्यावर भागलंही असतं, आता उघडावंच लागेल. तो बुवा पुढे म्हातारा होऊन अंथरुणात मेला, हारतुरे घालून नेला त्याला. माझं उट्टं काढायचं राहूनच गेलं. त्यामुळे लोहनाथाचा फलक खांदेश्वरच्या चौकात बघितला तेव्हा मला राग आलाच नाही. मला आनंद झाला!

पण त्या दिवशी माझ्या उट्ट्याहून मोठी गोष्ट पणाला लागली होती. कमळाकरशेठची मुलगी मनस्वी. नववीत, माझ्याच क्लासला. तिच्या दप्तराचा पट्टा नेहमी एकाच खांद्यावरून घसरायचा. मीच तिच्या आईला, रंभाताईंना, बोलावून सांगितलं होतं. तपासण्या झाल्या. कण्याचा बाक पाठीच्या पट्ट्याने आवरण्यापलीकडे गेला होता आणि दर महिन्याला वाढत होता. थांबलात तर उद्या श्वासालाही त्रास होईल, असं डॉक्टरांनी बजावलं. तारीखही मिळाली. पोरगी घाबरली नव्हती, तिला फक्त प्रश्न होते.

"मॅडम, आतून गंज येतो का?"

"टायटॅनियमला गंज येत नाही."

"लोहचुंबक चिकटतं?"

"नाही गं. मी स्वतः लावून बघितलंय, खूप वाईट वाटलं मला."

"आणि रांगोळी काढता येईल?"

"मी काढते की! वाकडी येते, पण त्याचा पाठीशी काही संबंध नाही."

ती खदाखदा हसली होती. आणि त्याच आठवड्यात कमळाकरशेठने हॉस्पिटलात फोन करून तारीख रद्द केली. महाराज त्याच्या फार्महाऊसवर उतरले होते ना! अकरा शनिवारांत कणा सरळ करून देतो म्हणाले होते.

मी त्याला लॉनवरच गाठलं. "शेठ, पोरीचं वय वाढीचं आहे. अकरा शनिवार म्हणजे जवळजवळ तीन महिने. तेवढ्यात बाक कुठे जाईल कळतंय का?"

"मॅडम, तुमी शिकवता तां पुस्तकातला हाय," तो म्हणाला. "ह्या आमी डोल्यांनी बघतो. लोखंड इरघलवतो तो मानूस! हाडाचा काय घेऊन बसल्याव? आन पोरीचे पाठीत लोखंड घातला तं तिच्याशी लगीन कोन करल?"

"माझ्याशी केलंय एकाने. अजून जिवंत आहे."

तो पाठ फिरवून मंडपाकडे गेला. मनस्वी मंडपाच्या खांबाला टेकून उभी होती, एक खांदा वर, डोळे सुजलेले. रंभाताई तिथेच स्वयंपाकघराच्या दारात नारळ सोलत होत्या, हातात कोयता. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मी रांगेत उभी राहिले. मंगळसूत्र, ब्लाउजचे हुक, पदराची पिन सगळं अंगावरच होतं. ते कुणालाच काढायला सांगत नव्हते. दार किंचाळलं. कुणाचंही किंचाळलं असतं. मी महाराजांपुढे बसले आणि म्हणाले, "पाठीत दांड्या आहेत, महाराज."

"अगं बाई बाई बाई!" महाराजांनी कपाळावर हात मारला. "एक नाही, दोन शनी! जोडीने राहतात! नवराबायको!" मग तेल, मोरपिसं, टिळा. परत दारात गेले. दार गप्प. कुंदन ओरडला, लोकांनी टाळ्या पिटल्या. मंगळसूत्र, हुक, पिन सगळं तसंच होतं आणि दार मात्र मुकं झालं होतं. म्हणजे ते कुणीतरी बंद केलं होतं. पण कोणासाठी बंद करायचं हे त्याला कळत कसं होतं? एवढ्या गर्दीत कोण शुद्ध, कोण अशुद्ध, हे तो लक्षात कसं ठेवत होता?

ते मला उन्हाने सांगितलं. घामाची धार डोळ्यात उतरली म्हणून मी रुमालाने कपाळ खसाखसा पुसलं. चपला दाराच्या अलीकडे राहिल्या होत्या. त्या घेऊन मी परत दारातून आले, तर दार बोंबललं! आत्ताच मुक्त झालेली मी! कुंदनने दचकून माझं कपाळ बघितलं, मग माझा चेहरा ओळखला आणि त्याचा खिशातला हात हलला.

"शंका!" महाराज लांबून गरजले. "मनात शंका आली की शनी परत शिरतो!"

"चुकले महाराज," मी म्हटलं आणि थेट स्वयंपाकघराकडे गेले. माझ्या अंगात असा काही उत्साह संचारला होता की काय सांगू!

"रंभाताई, तुम्ही दारातून गेलात का?"

"नाय अजून. नारल कोन सोलल?"

मी त्यांना सगळं सांगितलं: कुंदन माणूस बघत नाही, फक्त कपाळावरचा टिळा बघतो. मनस्वीही येऊन उभी राहिली. रंभाताईंनी हातातला कोयता खाली ठेवला, पुन्हा उचलला. "मॅडम, जर दार वाजला तं?"

"तर मी महाराजांच्या पाया पडते सगळ्यांसमोर. आणि पुन्हा तुमच्या घरी तोंड दाखवत नाही."

"आन नाय वाजला तं?"

"तर सोमवारी हॉस्पिटलात फोन करायचा."

रंभाताईंनी पोरीचा वर गेलेला खांदा चाचपला. मग म्हणाल्या, "मना खरा काय तां बघाचा हाय. लाव गो टिला." मनस्वीने तव्याच्या बुडाची काजळी तेलात कालवली आणि आईच्या कपाळावर बोटभर टिळा ओढला. रंभाताईंनी कोयता कमरेला खोचला, त्यावर पदर घट्ट गुंडाळला.

महाराजांचं तोंडही न बघितलेली बाई, हातात डझनभर बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र, कमरेला पोलादी कोयता. ताठ मानेने ती दारात शिरली. कुंदनने कपाळ बघितलं. खिशातला हात हलला. दार मुकं!

"लोहमुक्ती झाली हो!" कुंदनने आरोळी ठोकली.

रंभाताई वळल्या आणि त्यांनी पदर सोडून कोयता वर धरला. "माजे म्हाराज," त्या म्हणाल्या, "ह्यो पन इरघलला काय?"

पहिल्यांदा कुणाला काही कळलंच नाही. मग मागून एक पोरगं फिस्सकन हसलं आणि हसू सगळ्या लॉनभर पसरलं. पण महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "कृपा!" ते ओरडले. "माउलीवर एवढी कृपा झाली की तिच्या हातातलं लोखंडसुद्धा शुद्ध झालं!"

"कृपा कधी झाली?" मी मोठ्याने विचारलं. "ताई तुमच्यासमोर बसल्याच नाहीत! टिळा तव्याच्या काजळीचा आहे. निशाकाकू, इकडे या. पुसा तो टिळा आणि जा दारातून."

निशाकाकूंनी टिळा पुसला. बँकेत आयुष्य गेलेलं, खोटी सही लगेच कळायची त्यांना. त्या दाराकडे न बघता कुंदनकडे बघत चालल्या. बिचारा कुंदन! दार चालू ठेवावं तर शुद्ध झालेली बाई वाजणार, बंद ठेवावं तर कोयताही दार बंद होतं म्हणूनच गप्प गेला हे उघड होणार. त्याने एकदा चालू केलं, एकदा बंद, पुन्हा चालू. दार उचकी लागल्यासारखं टीं, टीं करत राहिलं, काकू केव्हाच पलीकडे जाऊनसुद्धा.

रंभाताईंनी त्याचं मनगट पकडलं. भाताचे भारे उचललेला हात तो, कुंदन कळवळला. खिशातून टीव्हीच्या रिमोटसारखा छोटा रिमोट बाहेर आला. मी तो उचलला आणि महाराजांसमोर उभी राहिले.

"महाराज, या ना. तुम्ही तर जन्मापासून मुक्त."

"मला गरज नाही."

"आमाला हाय," रंभाताई म्हणाल्या. चार बायकांनी महाराजांना खांद्याला धरून उठवलं. महाराजांनी अंगठ्यांनी भरलेले हात मला हळूच जोडले. "ताई, पोट आहे मागे," पुटपुटले. माझ्या पाठीवरची ती वीट मला आठवली आणि मी बटण दाबलं. दार असं केकाटलं की फांदीवरचे कावळे उडाले. मी त्यांना तीन वेळा आतबाहेर करायला लावलं. एकदाच पुरेसं होतं. दोनदा माझ्यासाठी.

जादूटोणाविरोधी कायदा या राज्यात आहे. मी आधीच फोन करून ठेवला होता, पोलीस आले, तक्रारीवर पहिली सही मी केली आणि दुसरी निशाकाकूंनी. जीपमध्ये बसताना महाराजांच्या कपाळावर कुणीतरी तव्याची काजळी फासली. मी बघितलं, पण अडवलं नाही.

कमळाकरशेठ लॉनच्या कडेला एकटाच उभा होता. सोमवारी हॉस्पिटलात फोन रंभाताईंनी केला.

ऑपरेशननंतर मी भेटायला गेले तेव्हा मनस्वीला पहिल्यांदा उभं केलं होतं. नर्सचा दंड धरून, दातावर दात आवळून, पण सरळ उभी. दोन्ही खांदे एका रेषेत होते. तिचा बाप दारात थांबला होता, आत यायची हिंमत होत नव्हती.

"बाय, बरी हायस ना?" त्याने विचारलं.

मनस्वीने त्याच्याकडे सावकाश मान वळवली. "पप्पा, माझी पाठ तुमच्यासमोर रोज वाकडी होत होती," ती म्हणाली. "ती तुम्हाला दिसली नाही. दार वाजलेलं मात्र ऐकू आलं."

त्याने माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी बोलून सावरून घेईन या आशेने. मी खिडकीकडे तोंड केलं. त्याचं उत्तर त्यानेच शोधायचं होतं.

तुम्हालाही एवढंच सांगते. चमत्कार दाखवला की हात जोडायच्या आधी म्हणा, पुन्हा करून दाखव, आणि या वेळी आम्ही सांगू तसा. दिव्य असेल तर दुसऱ्यांदाही होईल. होत नसेल तर खिसे तपासा. आणि तुमच्या मुलीचा एक खांदा वर दिसत असेल, तर हे वाचत बसू नका. उठा आणि आजच तिला डॉक्टरकडे न्या.