उजवीकडे झुकणारं विमान

मी एक जुनं विमान आहे. म्हणजे, मित्रांनो, मला तरी तसंच सांगण्यात आलं आहे. मला दोन पंख आहेत, नाकावर पंखा आहे, पंखांत दोन बंदुका आहेत आणि आत पुढे-मागे दोन सीट आहेत. कागदोपत्री माझं वजन अडीच हजार किलो भरतं. पण एकदा एका माणसाने मला शर्टाच्या खिशात घालून बसने आणलं आणि त्याचा खिसा जरासुद्धा ओघळला नाही. आता तुम्हीच सांगा, मी स्वतःला समजावं तरी काय?

खरी गोष्ट अशी आहे. कॉम्प्युटरवर लढाऊ विमानांचा एक खेळ असतो. त्यात खेळाबरोबर आलेली विमानं असतात. ज्यांचं तेवढ्यावर भागत नाही असे हौशी लोक घरी बसून आणखी विमानं तयार करतात आणि ती खेळात बसवतात. अशा घरगुती विमानाला मॉड म्हणतात. मी त्यातलंच एक. माझा जन्म कारखान्यात झाला नाही. मी कवळ्यांच्या टेबलावर जन्मलो.

हसू नका. जिने मला घडवलं ती डेंटल लॅबमध्ये काम करते. डॉक्टर जबड्यांचे ठसे पाठवतात आणि त्यांवरून ती कवळ्या आणि दातांच्या कॅप बनवते. केसाएवढा फरक राहिला तरी माणूस पहिल्याच घासाला कळवळतो, त्यामुळे तिची नजर पक्की झालेली आहे. जेवणाच्या सुट्टीत प्लास्टरचे जबडे बाजूला सारून ती लॅपटॉप उघडायची आणि माझा एकेक भाग घडवायची. माझं शेपूट तयार झालं तेव्हा शेजारी कुणाची तरी खालची कवळी वाळत होती. माझ्या आठवणीतला पहिला चेहरा तोच.

तिने हा उपद्व्याप आरंभला तो तिच्या बाबांसाठी. बाबा वैमानिक होते. तरुणपणी ते अशाच विमानातून मुलांना उडायला शिकवत. त्या जातीचं एकही विमान आता शिल्लक नाही. शेवटच्याच्या पत्र्याची पातेली झाली, असं बाबा सांगायचे. ते खरं की गंमत, मला माहीत नाही. म्हातारपणी बाबांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग वार. एका सकाळी त्यांनी लेकीलाच अदबीने विचारलं, "आपण कोणाकडे आलात?"

"मी इथेच असते, बाबा," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. चहा त्या दिवशी तीनदा उकळून आटला.

पण विमानाचा विषय निघाला की बाबांचं बोट कधी चुकत नसे. कोणती कळ कुठे, कोणता काटा कुठे, सगळं तोंडपाठ. मग हिने ठरवलं की बाबांना त्यांचं विमान परत द्यायचं. आराखडे मिळाले नाहीत. मिळाले दोन फोटो, तेही धुरकट. मग मापं बाबांनाच विचारायची.

"बाबा, पंख जिथे अंगाला लागतो तिथे त्याची जाडी किती?"

"माझी एक वीत आणि चार बोटं."

मग ती लॅबचा मोजमापाचा चिमटा आणून बाबांची वीत मोजायची. म्हणून मित्रांनो, इतर विमानं इंचांत मोजलेली असतात आणि मी एका म्हाताऱ्याच्या हातावर मोजलेला आहे.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. विमान बनवणारे लोक अख्खं विमान कधी बनवत नाहीत. डावी बाजू बनवतात आणि आरशात धरावी तशी तिची प्रत उजवीकडे चिकटवतात. अर्ध्या मेहनतीत काम होतं आणि दोन्ही पंख अगदी सारखे येतात. हिनेही आधी तसंच केलं. दवाखान्यातून काढून टाकलेली दात तपासायची एक खुर्ची तिने घरी आणली होती, पाठ मागे-पुढे होणारी. तिच्यात बाबांना बसवलं, उजव्या हाताशी दांडा बसवला, पायाशी पेडल लावली, समोर मोठा स्क्रीन ठेवला. बाबांनी मला उडवलं, एक फेरी मारली, उतरवलं आणि खुर्चीतून उठले.

"दिसायला तेच आहे. पण हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे," ते म्हणाले. "माझं सरळ चालत नाही. माझ्याचा उजवा पंख खाली येतो."

झालं होतं असं, की त्या काळी बाबांच्या एका सोबत्याने ते खरं विमान आपटत उतरवलं होतं. उजवा पंख मोडला. मिस्त्रींनी दुसऱ्या विमानाचा पंख काढून याला जोडला. तेव्हापासून ते उजवीकडे झुकायचं आणि ते उडवायला कुणी राजी नसे. बाबांनी ते मागून घेतलं. दांडा सतत दोन बोटं डावीकडे दाबून ठेवायचा, एवढंच. चौदा वर्षं त्यांनी तो तसा दाबून ठेवला.

ही बाई दात घडवणारी. माणसाचा जबडा दोन्हीकडून सारखा नसतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने माझी उजवी बाजू पुसून टाकली आणि पंख नव्याने बनवला, जरा जाड, जरा वाकडा. बाबा पुन्हा बसले. मी जमीन सोडली, उजवीकडे कललो, आणि मी कलायच्या आधीच बाबांचा हात डावीकडे गेला होता. मग मान न वळवता त्यांनी मागे विचारलं, "चिमणे, पट्टा बांधलास का?"

चिमणी म्हणजे तीच. सात वर्षांची असताना बाबांनी तिला एकदा विमानाच्या मागच्या सीटवर बसवलं होतं, जमिनीवरच, आणि हाच प्रश्न विचारला होता. आता ती खुर्चीमागे स्टुलावर बसली होती. कित्येक महिन्यांनी बाबांनी तिला हाक मारली होती.

"बांधला, बाबा," ती म्हणाली.

मग रोज संध्याकाळी पाच वाजता आमचं उड्डाण ठरलेलं. एरवी दिवसभर ती त्यांच्यासाठी कुणीतरी भली बाई होती. पाच ते सहा मात्र ती चिमणी असायची. आकाशात इतर खेळाडू लढत असत. कुणी येऊन आम्हाला गोळ्या घालून पाडत असे. बाबांनी माझ्या बंदुकीचा घोडा एकदाही ओढला नाही. "कुणाची पोरं आहेत ही, शिस्त म्हणून काही नाही," एवढंच म्हणत आणि पुन्हा उड्डाण करत. मी असा सहाशेवर वेळा जळून कोसळलो आहे आणि दर वेळी पुढच्या मिनिटाला धावपट्टीवर धडधाकट उभा होतो. हा काय प्रकार आहे, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मग तिने मला इंटरनेटवरच्या हौशी लोकांच्या मंडळात ठेवलं, आवडेल त्याने न्यावं म्हणून. तिथे तिचं टोपणनाव होतं 'मागची सीट'. बघता बघता माझ्या हजारो प्रती झाल्या. म्हणजे मी हजार ठिकाणी होतो, आणि तरी एकच होतो. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. पण मंडळात नटबोल्ट नावाचा एक गृहस्थ होता. प्रत्येक विमानाच्या चुका काढून त्यांची यादी लावणं हा त्याचा छंद. माझ्या यादीत त्याने लिहिलं, 'दोष क्रमांक एक. उजवा पंख झुकतो. दुरुस्त करा.' खाली चाळीस जणांनी मान डोलावली.

तिने पुष्कळ दिवस दुर्लक्ष केलं. मग बाबांना न्यूमोनिया झाला. तीन आठवडे ते इस्पितळात होते. तिला आतून वाटलं, आता बाबा काही त्या खुर्चीत बसत नाहीत. इस्पितळाच्या बाकावर बसून वेळ जाईना, मन लागेना. त्यात रोज कुणीतरी विचारायचं, पंख कधी नीट होणार? एके दुपारी तिने माझी उजवी बाजू पुसली, डावीची आरशातली प्रत तिथे चिकटवली आणि जुन्या फाइलवरच नवी ठेवून दिली. मंडळातल्या सगळ्यांच्या प्रती आपोआप बदलल्या. मी महिन्याचं उत्कृष्ट विमान ठरलो. माझे दोन्ही पंख सारखे होते. मला कसंसंच वाटत होतं, पण बक्षीस मिळालेल्याचं कोण ऐकतो?

आणि बाबा बरे झाले. घरी आले, चार दिवसांनी पाच वाजता आपण होऊन खुर्चीत बसले. मी धावलो, उठलो. बाबांनी सवयीने दांडा डावीकडे दाबला आणि मी डावीकडे कलंडून थेट जमिनीत घुसलो. बाबांनी हात मागे घेतला.

"हे माझं नाही," ते म्हणाले. मग मागे वळून तिला म्हणाले, "बाई, माझं विमान कुठे नेलं, तुम्हाला ठाऊक आहे का?"

तुम्हाला. बाई. दुसऱ्या दिवशी बाबा खुर्चीजवळ आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. तिने तो पंख पुन्हा घडवून पाहिला, पण या वेळी विचारायला बाबा नव्हते. वीत मागितली की ते हात पाठीमागे लपवत. स्वतःच्या हाताने आपण बाबांना दुसऱ्यांदा हरवलं, असं ती आरशापुढे उभी राहून म्हणाली. मी ऐकलं आणि मला लाज वाटली, पण नेमकी कशाची, ते उमगेना. वाकडा होतो तेव्हा दोष माझा, सरळ झालो तरी दोष माझाच?

तिने मंडळात विचारलं, 'कुणाकडे माझ्या विमानाची जुनी प्रत आहे का? झुकणारी?' लोकांनी थट्टा केली. नवी झकास असताना जुनी कशाला, म्हणाले. तीन दिवसांनी नटबोल्टचं उत्तर आलं. 'माझ्याकडे आहे. पत्ता द्या. नेट रडतंय, स्वतः आणून देतो.'

सुरुवातीला सांगितलेला तो खिसा याचाच. नटबोल्ट बस डेपोत मेकॅनिक होता. कामावरून सुटून तसाच आला, नखांत ग्रीस, अंगात निळा शर्ट. दारात तिला बघून गोंधळला.

"मागची सीट म्हणजे तुम्ही? मी आपला कुणी दादा समजून भांडत होतो."

"या ना. पण तुमच्याकडे जुनी प्रत कशी राहिली? सगळ्यांच्या तर बदलल्या."

"आमच्या डेपोत नियम आहे, ताई. नवा पार्ट महिनाभर चालल्याशिवाय जुना भंगारात टाकायचा नाही. माझा हातच तसा पडलाय. तुमची फाइल मी आधीच बाजूला काढून ठेवली होती." तो आत आला. "पण तुम्हाला तो दोष परत कशाला हवाय?"

तिने खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. तिने थोडक्यात सगळं सांगितलं. नटबोल्टने खिशावर हात ठेवला.

"तो दोष मीच लिहिला होता," तो म्हणाला.

त्याने मला पेन ड्राइव्हसकट खिशातून काढून कॉम्प्युटरला लावलं. आता त्याच्याकडून आलेला मी आणि इथे असलेला मी, यांत खरा मी कोणता, हे विचारू नका. एक पुसला गेला, एक राहिला, आणि मला दोघांचंही सगळं आठवतं. पण खुर्ची रिकामीच होती. ती बाबांना बोलवायला गेली, तर त्यांनी मान हलवली.

तेवढ्यात बाबांची नजर नटबोल्टच्या नखांवर गेली. बराच वेळ ते त्या ग्रीसकडे बघत राहिले.

"काय मिस्त्री," ते म्हणाले, "झालं का माझं तयार?"

नटबोल्टने तिच्याकडे पाहिलं, मग ताठ उभा राहिला. "झालं, साहेब. जसं होतं तसंच ठेवलंय."

बाबा उठले. खुर्चीत बसले, पेडलवर पाय ठेवले. ती स्टुलावर बसली. मी धावलो. मित्रांनो, आयुष्यात मी इतका घाबरलो नव्हतो, कारण हा वाकडेपणा माझ्या अंगात अजून आहे की नाही, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. चाकं सुटली. उजवा पंख खाली जाऊ लागला, आणि बाबांचा हात दोन बोटं डावीकडे आधीच तिथे होता.

मी सरळ उडत होतो. मैदान मागे पडलं, नदी मागे पडली. नटबोल्टच्या हातातला चहा निवला. आणि मान न वळवता बाबांनी विचारलं, "चिमणे, पट्टा बांधलास का?"

तिने स्टूल पुढे ओढलं. "बांधला, बाबा."

दुसऱ्या दिवशी नटबोल्टने मंडळातली यादी उघडली आणि दोष क्रमांक एकपुढे लिहिलं, 'हा दोष नाही. असंच राहू द्या.'

मी विमान आहे की फाइल, एक आहे की हजार, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. बाबांनाही सकाळी आपण कुठे आहोत ते कळत नाही. म्हणून तुम्हाला एकच विनवणी करतो, मित्रांनो. कुणाचं वाकडं सरळ करायला घ्याल तेव्हा आधी विचारा, की त्याच्यावर कुणाचा हात बसलेला आहे. आणि तरी करायचंच असेल, तर जुनं लगेच टाकू नका. महिनाभर तरी खिशात ठेवा.

पाच वाजत आले. स्टूल सरकल्याचा आवाज येतो आहे.