गाडीचा सुटा दोरा

कच्.

एवढाच आवाज. घर इतकं गप्प होतं की तो आतल्या खोलीपर्यंत आला. मी धाकट्याला थोपटत होते. त्याला आम्ही गाठोडं म्हणतो, कारण झोपला की तो तसाच दिसतो. गाठोड्याने एक डोळा किलकिला केला, मी श्वास रोखला, डोळा पुन्हा मिटला. कात्री आमच्या घरात दिवसभर बोलत असते. सासूबाई शिवणकाम करतात, आणि कुठे सुटा दोरा दिसला की त्यांना राहवत नाही. पाहुण्याच्या बाहीचासुद्धा कापतात, विचारत नाहीत.

बाहेर टेबलावर थोरलीची शर्यतीची गाडी उघडी ठेवली होती. थोरली म्हणजे भिंगरी. नाव का पडलं ते तिला जेवू घालणाऱ्याने सांगावं. गाडी तिच्या बाबांनी आणली, पण आतली जोडणी माझ्याकडे आली, कारण गाठोडं व्हायच्या आधी मी रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग करायचे. त्याच्या झोपेतून वेळ चोरून चोरून मी ती उभी केली होती. चाकं वळवणारी मोटर पुढे, बॅटरी मधोमध, मागे जाड टेपवर रिसिव्हर, म्हणजे रिमोटचं ऐकणारी काडेपेटीएवढी डबी. वायरी फिरत्या दांड्यात सापडू नयेत म्हणून कडेकडेने नेऊन बांधल्या होत्या. रिसिव्हरची बारीक तार एका उभ्या नळीतून वर काढली होती. आज संध्याकाळी बाजारामागच्या पटांगणात भिंगरीची पहिली शर्यत.

"झोपलं?" सासूबाईंनी मशीनवरून विचारलं.

"झोपलं." मी बाहेर आले. "टेबल तुम्ही आवरलंत, आई?"

"मग! गाडी आहे का गुंतवळ, कळेना."

मला बरंच वाटलं. मी चाकं अधांतरी धरून रिमोट चालवला. डावीकडे, उजवीकडे, भर्रर्र. सगळं शहाण्यासारखं. झाकण लावलं आणि निघालो.

पटांगणात नियम एकच होता: आधी एकट्याने पूर्ण फेरी मारून दाखवायची, मगच शर्यतीत उभं राहायचं. भिंगरीने ओठ आत ओढून घेतले आणि गाडी सोडली. बाणासारखी गेली. लांबच्या कोपऱ्यावर मात्र वळलीच नाही. सरळ जाऊन टायरांच्या कुंपणापाशी मुकाट उभी राहिली.

"आई, ती माझं ऐकतच नाही!"

"तुझ्यावर गेलीय," सासूबाई म्हणाल्या.

शर्यत घेणारे शिट्टीवाले काका हसले नाहीत. "बाकीच्यांच्या फेऱ्या होईपर्यंत वेळ आहे, ताई. जमतंय का बघा. नाहीतर पुढच्या वेळी."

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं. मी गाडी उचलून आणली. जवळ असली की आज्ञाधारक, लांब गेली की बहिरी. म्हणजे दुखणं ऐकण्याचंच. नळीच्या टोकाकडे पाहिलं. वर डोकावणारा तारेचा शेंडा गायब, आणि कापलेली कड इतकी सरळ की असं कापणारं माणूस माझ्या ओळखीत एकच.

सासूबाईंनी माझी नजर पकडली. "तो... दोरा नव्हता?"

"नाही, आई. गाडीचा कान होता."

"अगं, तुऱ्यासारखा वर आला होता! म्हटलं, चार लोकांत न्यायची गाडी, राहून गेलाय."

"आजी, तू कान कापलास?" भिंगरी किंचाळली. रडायचं विसरून गेली बिचारी.

नळीतली तार शाबूत होती. तिचं वरचं आवरण आणि त्याखालची जाळी बोटाच्या पेराहून थोडी जास्त सोलली की नवा कान तयार. पण आतल्या तारेला धक्का लागता कामा नये, आणि माझ्या कडेवर गाठोडं, हातात दोऱ्याएवढी बारीक तार. मी अवजारांतलं पातं टेकवलं आणि गाठोड्याने नेमकी माझी वेणी ओढली.

"आण ती तार इकडे. तू त्याला धर," सासूबाई म्हणाल्या. पिशवीतून शिवण उसवायचं पातं निघालं, चष्मा नाकावर घसरला. "अस्तर काढायचं, कापडाला ओरखडा नाही. एवढंच ना?"

"एवढंच."

श्वासही न घेता त्यांनी ते आवरण उसवलं. जाळी मागे सारली, भाजीची साल निघावी तशी. आत बारीक पांढरं टोक सरळ उभं राहिलं. "आणि आता याला कोणी हात लावायचा नाही," त्यांनी आम्हालाच दम भरला.

गाडी लांबच्या कोपऱ्यावर पोचली. भिंगरीबरोबर आम्ही दोघीही कमरेतून डावीकडे झुकलो. गाडी वळली! सासूबाईंची शिट्टी काकांच्या शिट्टीपेक्षा मोठी निघाली. त्यांना शिट्टी येते हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी आज कळलं.

शर्यतीत आम्ही शेवटून दुसरे आलो. भिंगरीच्या मते ते 'दुसरे'च.

परतताना ती गाडी छातीशी धरून, चक्क सरळ रेषेत चालत होती. म्हणजे काहीतरी शिजत होतं.

"आई, आधी गाडीला कान नव्हता, तेव्हा मी 'वळ, वळ' म्हणत होते ना?"

"हो."

"रिमोट चालू होता. म्हणजे मी पाठवलं होतं."

"पाठवलं होतंस की."

"आणि तिने घेतलंच नाही."

"नाही घेतलं."

ती थांबली. सासूबाईही थांबल्या, आणि दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"मग ते माझं 'वळ' आत्ता कुठे असेल?"