जाहिरातीतला बर्फ

मी बर्फ बोलतोय. पहिल्याच वाक्यात थाप मारली. क्षमा असावी, धंद्याची सवय आहे. मी प्लास्टिकचा खडा. कारखान्यातल्या साच्यात जन्मलो आणि एका फोटोग्राफरच्या स्टुडिओत, दारूच्या जाहिरातींसाठी, नोकरीला लागलो. दिव्यांच्या उष्णतेने खरा बर्फ विरघळतो. मी निर्लज्ज, तसाच चकाकतो.

ग्लासात माझ्या सोबतीला दारू कधीच नसे. गाळलेला कोरा चहा आणि बुडबुड्यांसाठी भांडी घासायच्या साबणाचा थेंब, एवढाच तो थाट. तो ग्लास हाती धरून एक तरुणी अशी हसे, जणू स्वर्ग दोन बोटे उरला आहे.

"ओठ लावू नकोस हं, साबण आहे!" फोटोग्राफर तिला बजावी.

पुढे ते हसू एका शाळेसमोरच्या फलकावर झळकले. त्याच शाळेत फोटोग्राफरची लेक दहावीत होती. एके दुपारी बाबा जेवायला गेले असता ती स्टुडिओत बसून मैत्रिणीशी फोनवर कुजबुजू लागली.

"शनिवारी तुझे आईबाबा गावाला जाणार ना? मग ठरलं, तुझ्याच घरी प्यायची. अगं, घाबरतेस काय! फलकावरची ती बघ, किती खूश असते. थांब, इथे भरलेला ग्लासच आहे. आधी मी चाखते."

तिने मोठा घोट घेतला. मी तिच्या दातांवर टकटक केली. पुढचे वर्णन सभ्य माणसाने करू नये.

बाबा दारात उभे होते. "काय गं, चढली का?"

"शी! साबण आहे हा! मग ती हसत का होती?"

"मी हस म्हटलं म्हणून."

"आणि आम्ही शनिवारी कोणाच्या सांगण्यावरून पिणार होतो, बाबा?"

बाबांचे हसू मावळले. उत्तर त्यांनी स्वतःच कॅमेऱ्यात टिपले होते.

शनिवारी मैत्रिणी स्टुडिओतच जमल्या. लेकीने प्रत्येकीला त्याच ग्लासातला एकेक घोट पाजला.

"मेले गं मी!"

"अगं, तुझ्या तोंडाला फेस येतोय!"

तेव्हापासून माझा मुक्काम तिच्या कंपासपेटीत आहे. परवा दारूच्या कंपनीचे साहेब नव्या जाहिरातीसाठी आले होते, असे तिच्याकडून कळले.

"बर्फ कुठाय?" साहेबांनी विचारले.

"तो शाळेत जातो हल्ली," बाबा म्हणाले आणि त्यांनी साहेबांना दार दाखवले.

मुलांनो, तहान लागली तर पाणी प्या. देवाने ते दिले. पाण्याची जाहिरात मात्र त्याला करावी लागली नाही.